लहान खुर्चीवरचा माणूस

खडकातून पाण्याची धार फुटली तेव्हा धाकटा विहिरीच्या तळाशी एकटाच होता. पहारीचा शेवटचा घाव बसला, खपली निघाली आणि बोटाएवढ्या भेगेतून गार पाणी त्याच्या पायावर आलं. त्यानं खाली वाकून ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि मग मान वर करून ओरडला, "दादा, लागलं."

तो आवाज विहिरीच्या चारी बाजूंना आपटून वर आला. शेतात चरणारी जनावरं दचकून पळाली. यारीपाशी उभा असलेला थोरला कानात बोट घालून म्हणाला, "लागलं ते कळलं. पण तू पाणी काढलंस की सुरुंग लावलास?"

दोघं भाऊ विहिरी खोदायचे. थोरला वर थांबून दगडाची पाटी ओढणारी यारी चालवायचा, बरोबरची दोन माणसं दगड वाहायची आणि धाकटा खाली. धाकटा म्हणजे नावापुरताच धाकटा. दारातून येताना त्याला वाकावं लागे आणि तिरकंही व्हावं लागे. सगळे त्याला डोंगर म्हणत. खालून बोललेलं वर ऐकू जायला हवं, म्हणून वर्षानुवर्षं ओरडून ओरडून त्याचा आवाज तसाच झाला होता. घरी मीठ मागितलं तरी शेजारचे विचारायचे, काय झालं म्हणून.

शेताचा मालक धावत आला, पाणी बघून त्यानं दोघांना मिठ्या मारल्या. पण घरी परतताना थोरला म्हणाला, "या भागातली ही आपली शेवटची विहीर. आता सगळ्यांना ते मशीन हवंय. सकाळी येतं, संध्याकाळी नळी खाली सोडून जातं. आपल्याला कोण विचारतो?"

"मग?"

"डोंगराकडच्या भागात काम मिळालंय. तिकडं मशीन चढत नाही. अख्खा उन्हाळा तिकडंच. पाऊस पडला की परत."

धाकट्यानं मान हलवली. पण घरी मुलगी नुकती बसायला लागली होती. बसली की एका बाजूला कलंडायची आणि कलंडली की हसायची. अख्खा उन्हाळा म्हणजे परत येईपर्यंत ती चालायला लागलेली असणार.

त्याचं शिक्षण झालेलं होतं, हे गावातली निम्मी माणसं विसरून गेली होती. लग्नाआधी त्यानं अध्यापक विद्यालयातून पदविका घेतली होती. पास होऊन घरी आला तेव्हा कुठंच जागा नव्हती. जागा निघत नाही तोवर ये म्हणून भावानं विहिरीत उतरवला, आणि त्या तोवरला बरेच उन्हाळे उलटून गेले.

त्या संध्याकाळी तो हातपाय धुऊन ओट्यावर टेकला तेव्हा धाकटी, म्हणजे त्याची बायको, शिलाई मशीनवर निळ्या कापडाचे बारके बारके झगे शिवत होती. बाजाराच्या गावात एक बालशाळा होती, तिथल्या मुलांचे ते झगे. मशीन न थांबवता ती म्हणाली, "मोठ्या बाई आल्या होत्या मापं द्यायला. त्यांच्याकडच्या एक बाई जाताहेत. जागा निघतेय."

"कुठल्या वर्गाला?"

"वर्ग कुठला. बालशाळा आहे ती. एवढी एवढी पोरं." तिनं एक झगा उचलून दाखवला. तो धाकट्याच्या पंजाएवढा होता.

"ते बायकांचं काम आहे."

"असं लिहिलंय कुठं?"

"लिहिलेलं नसतं. असतं."

धाकटीनं मशीन थांबवलं, दातानं दोरा तोडला. "मी तुमच्याबद्दल बोलले त्यांच्याशी. त्या म्हणाल्या, येऊन बघू दे. आता तुम्ही नाही गेलात तर पुढच्या वेळी मापं घेताना मी कुठल्या तोंडानं बोलू?"

धाकट्याची आई आत पोळ्या लाटत होती. तिथूनच ती म्हणाली, "जा रे. हा पोरांमध्ये बसला की याला जेवायची शुद्ध नसते. तिथं बसवून वर पगार देत असतील तर काय वाईट आहे?"

हे मात्र खरं होतं. कुठंही विहीर चालू असली की त्या गावातली पोरं काम संपायच्या वेळी दगडांच्या ढिगावर येऊन बसायची. हा वर आला की त्यांना एकेक दगड हातात देऊन सांगायचा, हा वरचा, हा मधला, हा सगळ्यात खालचा, याला अजून ऊन माहीतच नाही. पोरं त्या दगडाला ऊन दाखवायची.

पण धाकट्याला खात्री वाटेना. दुसऱ्या दिवशी तो बाजाराच्या गावी आपल्या जुन्या गुरुजींकडं गेला. गुरुजी निवृत्त झाले होते. पडवीत बसून वाटाणे सोलत होते. त्यांनी आधी त्याच्यासमोर शेंगांची टोपली सरकवली, मग विचारलं, "कसा आलास?"

त्यानं सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "तू पदविका घेतलीस, पण तुझ्या डोक्यात मास्तर एकच. हातात खडू, मागे फळा, पुढे पोरं. अरे, शाळेच्या जिवावर किती तऱ्हेची माणसं जगतात. कोणी वसतिगृह सांभाळतं, कोणी प्रयोगशाळा, कोणी शिकवणी घेतं, कोणी बालवर्ग. तू यातलं काय पाहिलंयस?"

"काहीच नाही."

"मग नोकरी कशी मागशील? नोकरी मागायला जाण्याआधी तिथं एक दिवस बसून यावं. मुलगी बघायला जातात ना, तसं. मी दोनचार ठिकाणी सांगून ठेवतो. आणि वाटाणे खाऊ नकोस, सोल."

भाऊ निघायला अजून अवकाश होता. यारीचे दोर बदलायचे होते, ट्रकचं काम निघालं होतं. तेवढ्यात धाकट्यानं पायपीट सुरू केली.

पहिल्यांदा तो शिकवणीच्या वर्गात गेला. लोखंडी सामानाच्या दुकानावर एक लांबलचक खोली होती, तिथं मुलं दाटीवाटीनं बसून गणितं सोडवत होती. वर्गाचा मालक तरतरीत होता. धाकट्याकडं खालून वर बघून तो खूश झाला. "तुम्हाला काहीच शिकवायचं नाही. नुसतं बाकांमधून फिरायचं. कोणी मान वळवली की त्याच्याशेजारी जाऊन उभं राहायचं. बस. तुमची सावली पडली तरी पुरे." धाकटा दिवसभर बाकांमधून फिरला. एका मुलीनं चुकून त्याच्याकडं बघून हसल्यासारखं केलं आणि लगेच घाबरून खाली बघितलं. त्याला ते दिवसभर खुपत राहिलं.

मग वसतिगृह. तिथला अधीक्षक त्याचा वर्गमित्रच निघाला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर पान्हा. "मी इथं मुलांना घडवायला आलो होतो," तो नळाखाली उताणा पडून म्हणाला. "मुलं शाळेत गेली की नळ, मुलं परत आली की नळ. तू ये, तुझ्या अंगात ताकद आहे. ही तोटी जरा आवळ." धाकट्यानं आवळली. तोटी हातात आली. दोघांनी मिळून अख्खी दुपार पाणी थोपवण्यात घालवली आणि भिजलेल्या कपड्यांनी चहा प्यायला. हसून हसून दोघांच्या बरगड्या दुखल्या, पण नोकरीचं काही त्यानं मनावर घेतलं नाही.

प्रयोगशाळेत तर तो अर्धा दिवसच टिकला. तिथल्या मदतनीस बाईंनी त्याला काचेच्या नळ्या पुसायला दिल्या. त्याची बोटं बघून त्यांनी त्या परत घेतल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही असं करा, तिथं खिडकीपाशी उभे राहा. आणि कशाला टेकू नका."

शेवटी बालशाळा. मोठ्या बाई बारीक अंगाच्या होत्या, केस पिकलेले, चाल झपाझप. त्यांनी फार चौकशी केली नाही. "बसा," म्हणाल्या आणि वर्गाकडं वळल्या. बसायला पोरांच्याच खुर्च्या होत्या, लाल-पिवळ्या, गुडघ्याएवढ्या. धाकटा जपून एका खुर्चीवर टेकला. खुर्ची काही बोलली नाही. पण गाणं म्हणायला सगळे उभे राहिले तेव्हा तोही उभा राहिला आणि खुर्ची त्याच्याबरोबर उभी राहिली.

वर्गात जो हशा उसळला तो आवरेना. पोरं खाली बसली, लोळली. धाकट्याचे कान तापले. दोन्ही हातांनी खुर्ची ओढून काढताना तो स्वतःही हसायला लागला. एक पोरगं जवळ आलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणालं, "तू कोणाचा बाबा आहेस?"

"माझी मुलगी अजून शाळेत येत नाही."

"मग तू का आलास?"

"बघायला."

"बघ," पोरगं म्हणालं आणि त्याचं बोट धरून त्याला सगळा वर्ग दाखवायला घेऊन गेलं. हे कपाट. ही माझी पिशवी. हा तो, हा चावतो. ही ती, ही रोज रडते, पण नंतर रडत नाही.

त्या दिवशी धाकट्यानं बुटांचे बंद बांधले, सांडलेलं दूध पुसलं, मातीचा हत्ती करून दिला, त्याला सोंड दोनदा लावली. दुपारी शाळा सुटली तेव्हा तो बसची वाट न बघता सरळ चालत घरी निघाला. रस्ता तापलेला होता, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि त्याला काही जाणवत नव्हतं. घरी येऊन धाकटीला म्हणाला, "हे काम मला पाहिजे." एवढंच. मग माठातलं पाणी प्यायला आणि परत म्हणाला, "पाहिजेच."

बालशाळेत नमुना पाठ घेऊन दाखवायचा होता, पण त्याला अवकाश होता. त्याआधी बाजाराच्या गावातल्याच दुसऱ्या एका मोठ्या शाळेनं बालवर्गासाठी माणसं बोलावली होती. गुरुजी म्हणाले, जाऊन ये, सवय होईल. धाकटीनं रात्रीचा दिवस न करता दोन दुपारींतच त्याला नवा सदरा शिवला. कापड अंगभर पुरेना, म्हणून बगलेत जोड दिला. आईनं त्याच्या हाताला तेल चोळलं, पण पहारीचे घट्टे तेलानं थोडेच जातात.

त्या शाळेच्या फाटकावर रखवालदार होता. त्यानं धाकट्याला बघितलं आणि विचारलंही नाही. "टाकीचं काम ना? मागच्या दारानं जा."

"मी मुलाखतीला आलोय."

रखवालदारानं परत एकदा बघितलं. "कशाच्या?"

"बालवर्गाच्या."

"थांबा, विचारून येतो," म्हणून तो आत गेला तो लवकर परत आलाच नाही. धाकटा उन्हात उभा राहिला. बाकीच्या उमेदवार, सगळ्या बायका, पुढच्या दारानं आत गेल्या. त्याला बोलावलं तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. समोर एका रांगेत मुलं, एका रांगेत साहेब लोक. त्याला विहिरीची सवय. घाबरला की आवाज आपोआप वर चढायचा. तो म्हणाला, "मुलांनो, आज आपण रंग बघू."

खिडकीची तावदानं थरथरली. पुढच्या रांगेतल्या मुलानं ओठ काढले, त्याच्या शेजारचीनं गळा काढला आणि मग सगळी रांगच रडायला लागली. साहेबांपैकी एकजण उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन आला. "तुमचं शिक्षण ठीक आहे," तो म्हणाला. "पण तुम्हीच बघा ना. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट जमेलच असं नाही." रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो फार चांगुलपणानं बोलला.

घरी येऊन धाकट्यानं सदरा काढून खुंटीला लावला आणि अंगणात भावापाशी गेला. थोरला पहारींना धार लावत होता. "दादा, मी येतो तुझ्याबरोबर."

थोरल्याच्या मनावरचं ओझं उतरलं. खाली उतरणारा असा माणूस त्याला दुसरा कुठं मिळणार होता? पण धाकट्याचं तोंड बघून त्याला आनंद दाखवता येईना. "काय झालं?"

"पोरं रडली."

"किती?"

"सगळी."

थोरल्याच्या मिशीत हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही, भांडली नाही. सदरा खुंटीवरून काढून धुवायला टाकता टाकता म्हणाली, "आवाजाचंच ना? मग आवाज खाली आणू. उंचीचं असतं तर माझा इलाज नव्हता."

"आवाज काय बादली आहे, खाली सोडायला?"

"उद्या दुपारी सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पाळण्यात झोपली तेव्हा धाकटीनं नवऱ्याला पाळण्याशेजारी बसवलं. समोर स्वतः बसली, सासूला बसवलं, जाऊबाईला बसवलं. "आम्ही पोरं. घ्या पाठ. ही उठली की तुम्ही नापास."

तो म्हणाला, "मुलांनो—" आणि मुलगी उठली.

तिला थोपटून परत झोपवायला बराच वेळ गेला. दुसऱ्यांदा तो दोन वाक्यं बोलला आणि मुलगी उठली. तिसऱ्यांदा ती उठली नाही, पण पाळण्यात दचकली. धाकटी म्हणाली, "आता वरच्या माणसाशी नका बोलू. वर कोणी नाही. माझ्याशी बोला. मी इथं आहे, हातभर अंतरावर."

हे त्याला कळलं. त्यानं डोळे तिच्यावर ठेवले आणि बोलायला लागला. आवाज आधी घशात खरखरला, मग बसला, मग कुठूनतरी एक जुना, जाडसर, मऊ आवाज निघाला. लग्न झालं त्या दिवसांत तो असा बोलायचा. धाकटीनं मान खाली घातली आणि जाऊबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

मग रोज दुपारी शाळा भरायला लागली. आई सगळ्यात वांड पोरगी झाली. तिला मध्येच तहान लागायची, शू लागायची, शेजारचीनं चिमटा काढला अशी तक्रार करायची. "मला घरी जायचंय," ती एकदा म्हणाली.

"का गं?"

"माझी आई रडत असेल."

धाकट्यानं जरा विचार केला. "मग आपण तिच्यासाठी एक चित्र काढू. तू घरी गेलीस की ते दे तिला. म्हणजे ती उद्या रडणार नाही."

त्याच्या आईची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिनं खडू घेतला आणि फरशीवर खरोखरच एक वेडंवाकडं फूल काढलं.

थोरला हे सगळं अंगणातून ऐकायचा. एक दिवस त्याला राहवलं नाही. आत आला, भिंतीला टेकून बसला आणि साहेबाच्या आवाजात म्हणाला, "सांगा, तुमच्यातला दोष काय?"

"मी मोठा आहे."

"हा दोष नाही, हे दिसतंच आहे. दुसरा सांगा."

"मला पटकन उत्तर सुचत नाही. उशिरा सुचतं."

"मग आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

धाकट्यानं पाळण्याला एक झोका दिला. "दादा, हे उद्या सांगतो," तो म्हणाला आणि सगळे हसले. पाळण्यातली उठली नाही.

पंचाईत अशी झाली की बालशाळेचा पाठ आणि ट्रक निघायचा दिवस एकच आला. ट्रकवाला सकाळीच निघायचं म्हणत होता. थोरला त्याला म्हणाला, "दुपारी निघू."

"उन्हाचं?"

"उन्हाचंच. माझा भाऊ मुलाखतीला गेलाय. तो येणार की नाही ते कळल्याशिवाय मी चाक हलू देणार नाही."

"आणि तो पास झाला तर तुमचा माणूस कमी."

"ते मला कळतं," थोरला म्हणाला आणि यारीच्या चाकावर जाऊन बसला.

धाकट्यानं पाठासाठी विषय घेतला होता, जड आणि हलकं. पिशवीत एक दगड, एक पीस, एक वाळलेलं पान, एक लोखंडाचा नट. बालशाळेत त्याच्याकडं बघून पुढची पोरं ओळखीचं हसली. पण एक नवीन मुलगी होती. तिनं त्याला दारात बघितलं आणि सरळ कपाटामागं जाऊन बसली. तिथून तिचा नुसता बूट दिसत होता. मोठ्या बाई आणि शाळेचे सचिव मागे बसले होते. सचिवांनी घड्याळाकडं बघितलं.

धाकटा उभा राहिला तर छताला लागतो, बसला तरी कपाटाएवढा दिसतो. मग त्यानं पिशवी बाजूला ठेवली आणि तो जमिनीवर पालथा पडला, हनुवटी फरशीला टेकून. आता त्याचे डोळे त्या बुटाच्या बरोबर समोर होते. पाळण्याशेजारच्या आवाजात तो म्हणाला, "मी पडलोय. मला कोणी उचलता का?"

पोरं आधी बघत राहिली. मग एकानं त्याचा हात धरून ओढला. दुसऱ्यानं पाय धरला. सगळी तुटून पडली. "जड आहे," एकजण धापा टाकत म्हणाला.

"किती जड?"

"लई."

"आणि हे?" त्यानं पिशवीतलं पीस काढून आपल्या पाठीवर ठेवायला सांगितलं. एका पोरीनं ते ठेवलं, फुंकर मारली, पीस उडालं. मग पान उडालं. दगडाला सगळ्यांनी मिळून फुंकर मारली. दगड हलेना. नटाला मारली. एका पोराच्या तोंडातून फुंकरीबरोबर थुंकीही उडाली, ती धाकट्याच्या मानेवर पडली. त्यानं ती पुसली आणि विचारलं, "थुंकी जड की हलकी?" यावर वर्गात खरीखुरी चर्चा झाली.

तेवढ्यात कपाटामागून बूट हलला. मुलगी बाहेर आली, सावकाश त्याच्याजवळ येऊन उकिडवी बसली आणि त्याच्या बगलेकडं बोट दाखवून म्हणाली, "तुझा सदरा फाटलाय."

खरंच जोड उसवला होता. सगळ्या पोरांनी वाकून बघितलं. धाकट्यानं हात वर करून स्वतःही बघितलं. "अरे हो. आता गं?"

"आई शिवेल," मुलगी म्हणाली. तिनं त्याच्या दंडावर थोपटलं आणि तिथंच शेजारी बसली. उरलेला पाठ तिनंच घेतला म्हटलं तरी चालेल. हे जड, हे हलकं, तू शांत बस, तू मागे सरक.

पोरं खेळायला बाहेर गेल्यावर सचिवांनी घसा खाकरला. "पाठ चांगला झाला. पण पालक काय म्हणतील? बालवर्गाला पुरुष, त्यातून असा."

मोठ्या बाई म्हणाल्या, "पालकांतले निम्मे पुरुषच आहेत." मग धाकट्याकडं वळून त्यांनी विचारलं, "पोरांनी कपडे ओले केले तर?"

"बदलायचे. घरी करतोच."

"नाक?"

"पुसायचं. त्यांचं आधी, मग आपला हात."

"आणि हेच काम का? तुमच्या हाताला दुसरं काम आहे, असं ऐकते मी."

भावानं विचारलेला प्रश्नच थोडा फिरून आला होता. या वेळी धाकट्याला उत्तर सुचलं. "विहिरीला पाणी लागलं की मी वर येतो, बाई, आणि आम्ही पुढच्या गावाला निघतो. त्या पाण्यावर काय उगवलं ते मला कधी दिसत नाही. इथं माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो."

सचिवांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पोरं एकमेकांना उचलून जड की हलकं ते ठरवत होती. "सहामाहीपर्यंत बघू," ते म्हणाले. "मग कायम करायचं का ते ठरवू."

"सोमवारी लवकर या," मोठ्या बाई म्हणाल्या. "खुर्च्या तुम्हीच लावायच्या. त्यांवर बसायचं नाही."

धाकटा गावाच्या वळणावर पोचला तेव्हा ट्रक उन्हात उभा होता. धाकटी मुलीला कडेवर घेऊन सावलीत थांबली होती, शेजारी आई आणि जाऊबाई. त्याचं तोंड बघून धाकटीनं मुलगी सासूकडं दिली आणि भर रस्त्यात त्याचा उसवलेला सदरा हातात धरून हसत राहिली. मग म्हणाली, "असाच गेलात तिथं?"

"गेलो तेव्हा धड होता."

थोरला यारीवरून खाली उतरला. भावासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या छातीवर त्यानं एक बुक्की मारली, आणि मग आणखी एक. "आता मी खाली कोणाला उतरवू?" तो म्हणाला. "तुझ्यासारखा मूर्ख मला कुठं मिळेल?"

"दादा, पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी तू तिथंच असायला पाहिजेस. नाहीतर मी तुला विहिरीत सोडून वर यारी काढून नेईन." त्यानं बायकोचा निरोप घेतला, आईच्या पाया पडला, ट्रकमध्ये चढला आणि ट्रकवाल्याला उगीचच ओरडला, "चल की, सकाळपासून थांबलायस कशाला?"

सोमवारी धाकट्यानं खुर्च्या लावल्या. पहिल्या दिवशी दोन बाप फाटकाशी घुटमळले आणि त्याला नीट न्याहाळून गेले. एक आई तर दुपारपर्यंत खिडकीबाहेर उभी होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानं नाकं पुसली, भांडणं सोडवली, चावणाऱ्याला सफरचंद चावायला दिलं. संध्याकाळी त्याचे गुडघे दुखायचे. विहिरीतल्या कामानं कधी दुखले नव्हते एवढे. वाकणं, बसणं, उठणं, परत वाकणं. धाकटी शेक द्यायची आणि दिवसभर काय झालं ते दोन-दोनदा सांगायला लावायची.

आठवडा संपत आला होता. दुपारची सुट्टी झाली, पोरं अंगणात धावत होती, वर्गात तो फरशीवर सांडलेले रंग पुसत बसला होता. मागून पावलं वाजली. एक पोरगं एका हातानं चड्डी धरून घाईघाईनं आलं, पाठ करून त्याच्यासमोर उभं राहिलं आणि बाहेरच्या खेळावरची नजर न हलवता म्हणालं, "आई, नाडी बांध."

धाकट्यानं मान वर केली. पोराला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. ते पाय आपटत होतं, त्याला परत खेळायला जायचं होतं.

"ओ," धाकटा म्हणाला. त्यानं रंगाचे हात आपल्या सदऱ्याला पुसले, पोराला आपल्याकडं वळवलं आणि जाड बोटांनी सांभाळून, सुटेल पण निसटणार नाही अशी गाठ मारली.